छोटी समकालीन गॅलरी: जागेचा करार करण्याआधी काय काय पक्कं करावं?

कोरी_भिंत

समकालीन कलेची छोटी गॅलरी काढायचं नक्की झालंय. दोन भागीदार आहोत. एकाला विक्रीतलं कळतं, एकाला चित्रांतलं, गॅलरी चालवणं दोघांनाही नवं. बघून ठेवलेली जागा तळमजल्यावर आहे. ७०० चौरस फूट, छत ११ फुटांवर, दर्शनी बाजू पूर्ण काचेची. सात-आठ तरुण कलाकारांशी बोलणं चाललंय. बहुतेक चित्रकार, एक प्रिंटमेकर, एक व्हिडिओ करणारी.

विचारायचं ते असं:

१. जागेत आधी कशावर पैसे घालावेत आणि काय नंतरवर ढकललं तरी चालेल?
२. कलाकारांशी करारात काय काय असावं? कमिशन किती?
३. किमती कशा ठरवायच्या?
४. वर्षाला किती शो करावेत, आणि किती विक्री झाली तर गॅलरी तगेल?
५. आर्ट फेअरला पहिल्याच वर्षी जावं का?

"मनापासून करा, सगळं जमेल" छापाचे सल्ले कृपया नकोत. आकडे आणि पद्धती हव्या आहेत.

---

दीडदमडी

चौथा प्रश्न आधी घेतो. बाकीच्या चारांची उत्तरं त्याच्यावर लटकलेली आहेत.

चलन बाजूला ठेवा. महिन्याचा ठरलेला खर्च १०० धरा. यात भाडं, वीज, विमा, मदतनीस, हिशेबनीस आणि तुमच्या दोघांचा पगार, सगळं आलं. स्वतःचा पगार शून्य धरून केलेलं गणित नेहमी जुळतं, म्हणून ते करू नका. वर्षाचे झाले १२००. प्रत्येक शोचा वेगळा खर्च, म्हणजे वाहतूक, हँगिंग, रंग, फोटोग्राफी, छपाई, उद्घाटन, मिळून ६० धरू. सहा शोचे ३६०. एकूण १५६०.

आता येणारा पैसा. कमिशन ५० टक्के. पण घेणारे सूट मागतात, आणि १० टक्क्यांची सूट दोघांनी निम्मी-निम्मी सोसली तर १०० किमतीच्या चित्रातून तुमच्या हाती ४५ येतात. १५६० भागिले ०.४५ म्हणजे साधारण ३४६७ ची विक्री, यादीतल्या किमतीनं. सहा शोंत वाटली तर शोमागे ५७८.

७०० फुटांतले सव्वाशे फूट स्टोअर आणि टेबलाला गेले की हँगिंगला धावती भिंत उरते ७५ फुटांच्या आसपास. तीन फूट रुंदीचं काम आणि मध्ये दोन फूट मोकळे धरले तर १५ कामं लागतात. त्यातली सहा विकली गेली, आणि नव्या गॅलरीला हे काही वाईट नाही, तर एका कामाची सरासरी किंमत ९६ हवी. म्हणजे सरासरी चित्राची किंमत जवळजवळ तुमच्या एका महिन्याच्या खर्चाइतकी.

हा एवढा एक आकडा घेऊन कलाकारांच्या सध्याच्या किमती बघा. त्या याच्या पाचव्या हिश्श्यात असतील तर शोमागे ३० चित्रं विकावी लागतील, आणि भिंतीवर मावतात १५. म्हणजे प्रत्येक शो सगळाच्या सगळा विकला गेला तरी तोटाच. अशा वेळी लोक "जास्त शो करू" म्हणतात. त्यानं फक्त शोचा खर्च वाढतो, कारण तेच तीस-चाळीस घेणारे महिन्याला एकदा येऊन महिन्याला एकदा खरेदी करत नाहीत. खर्च खाली आणा: जागा लहान घ्या, आठवड्यातले चारच दिवस उघडी ठेवा, बाकीचे दिवस वेळ ठरवून. किंवा यादीत जास्त किमतीचा एखादा मधल्या पिढीचा कलाकार आणा. लिओ कॅस्टेलीनं १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये गॅलरी उघडली ती राहत्या घराच्या दिवाणखान्यात. चित्रकार जॅस्पर जॉन्सचा पहिला एकल शो १९५८ साली तिथेच झाला आणि त्यातली तीन चित्रं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं घेतली. दर्शनी काच ही पहिल्या दिवसाची गरज नाही.

हाताशी राखीव रक्कम: बारा महिन्यांचा ठरलेला खर्च, शिवाय जागेच्या कामाचा वेगळा. कमी असेल तर कराराला थांबा.

आणि बँकेत पहिल्या दिवसापासून दोन खाती. विक्रीचे पैसे आले की कलाकाराचा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. गॅलऱ्या बुडतात त्या बहुतेक इथेच: या महिन्याचं भाडं आलेल्या पैशातून दिलं जातं, कलाकाराला पुढच्या विक्रीतून देऊ म्हणतात, आणि पुढची विक्री येत नाही. नीयत खराब असावीच लागते असं नाही.

---

खिळा_हातोडा

पहिल्या प्रश्नाला. लांबलचक आहे, पण घाईत सुटतं ते सगळं इथलंच.

जागा बघताना लोक भिंती बघतात. आधी वाट बघा. तुमच्या कलाकारांपैकी सगळ्यात मोठं काम कुणाचं ते विचारा, त्या मापाची लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका, आणि दोघांनी ती गाडीपासून भिंतीपर्यंत नेऊन बघा. दार सहसा पुरतं. अडतं ते दारानंतरच्या पहिल्या वळणावर, नाहीतर स्टोअरच्या दारात.

मग वर बघा. छतातून पाण्याचे पाइप जातात का, वर कुणाचं न्हाणीघर आहे का, एसीच्या पाण्याची नळी कुठून उतरते. ही नळी तुंबली की पाणी भिंतीच्या आतून खाली येतं, आणि लक्षात येतं तेव्हा कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरलेली असते.

दर्शनी काच कोणत्या दिशेला आहे ते लिहिलं नाहीत. दुपारचं ऊन येत असेल तर यूव्ही फिल्म लावा, पण फिल्मनं निम्मंच काम होतं; रंग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानंही उडतात. काचेपासून चार-पाच फूट आत, आठ फूट रुंदीची एक आडवी भिंत उभी करा. ऊन अडतं, दोन्ही बाजूंनी हँगिंग मिळतं, आणि रस्त्यावरून एकच काम नीट दिसतं. सगळं बाहेरूनच दिसलं की लोक बाहेरूनच बघून जातात.

भिंती: मागे १२ मिमी प्लाय, त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड. पैसे वाचवायला प्लाय गाळू नका. नुसत्या जिप्सममध्ये जड कामाचा स्क्रू धरत नाही, आणि प्रत्येक शोला बोर्डामागच्या सांगाड्याचा पाइप शोधत बसावं लागतं. प्लाय असला की कुठेही स्क्रू मारा. प्लायचा सांधा आणि बोर्डाचा सांधा एका रेषेत आणू नका, तिथेच भेग पडते. बाहेरच्या ओल्या-सुक्या भिंतीपासून दोन इंच पोकळी सोडा, आणि बोर्ड फरशीच्या अर्धा इंच वर थांबवा. नाहीतर पुसायचं पाणी शोषून खालची कड फुगते.

रंग पूर्ण मॅट, निळसर झाक नसलेला पांढरा. एकाच बॅचचे डबे जास्तीचे घेऊन ठेवा. भोकं बुजवून घासल्यावर टच-अप छोट्या रोलरनं करायचा. ब्रशनं केलेलं ठिगळ बाजूनं पडणाऱ्या प्रकाशात चकाकतं.

दिवे. इथे हात आखडता घेऊ नका. ट्रॅकवर, म्हणजे छतावरच्या दिव्यांच्या पट्टीवर, एलईडी. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, शक्य तर ९५. रंगतापमान (उजेड पिवळसर की निळसर ते) ३००० ते ४००० केल्विनमधलं एकच कुठलं तरी ठरवा आणि सगळे दिवे त्याचेच घ्या. सीआरआय कमी असला की लाल आणि त्वचेचे रंग मरतात, आणि चित्रकार पहिल्या मिनिटाला ते बोलून दाखवतो. ट्रॅक भिंतीपासून किती लांब याचा हिशेब: छताच्या उंचीतून साधारण डोळ्याची उंची वजा करा आणि ०.५८ नं गुणा. तुमच्याकडे ११ वजा ५ म्हणजे ६, गुणिले ०.५८, म्हणजे साडेतीन फूट. त्यानं प्रकाश उभ्या रेषेशी ३० अंशांत पडतो. ट्रॅक जवळ आला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते आणि कॅनव्हासची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. लांब गेला तर बघणाऱ्याची सावली पडते, काचेत दिवा चमकतो.

किती उजेड: तैलचित्र, ॲक्रिलिक यांना २०० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप), कागदावरचं काम, जलरंग, फोटो, कापड यांना ५० च्या आसपास. लक्समीटर साधाच घ्या. ५० लक्स आधी अंधार वाटतो, पण शेजारची भिंत २०० वर नसेल तर डोळा दोन मिनिटांत सरावतो. म्हणून दोन्ही प्रकारची कामं एकाच भिंतीवर लावायचं टाळा.

हँगिंग: चित्राचा मध्य फरशीपासून ५७ ते ६० इंचांवर. एक आकडा ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा. हुकची उंची = मध्याची उंची + चित्राच्या उंचीचा निम्मा भाग − ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. मध्य ५८, चित्र ४० इंच उंच, तार वरून ४ इंचांवर, तर ५८ + २० − ४ = ७४. तार हातानं वर ओढून मोजायची. सैल मोजली की चित्र खाली उतरतं आणि रांग वाकडी दिसते. १५ किलोच्या वरच्या कामाला तार नकोच. तिरक्या कापाच्या दोन पट्ट्या, एक भिंतीला, एक चित्राला.

नंतरवर ढकलता येईल असं: देखणं रिसेप्शन टेबल, पॉलिश केलेली फरशी, बाहेरची भारी पाटी. स्टोअर मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

---

आडवी_रेघ

करारावर. तोंडी ठरलेलं पहिल्या विक्रीपर्यंत टिकतं, म्हणून दोन पानी का होईना, कागद हवाच.

कमिशन: नवं काम पहिल्यांदा विकणाऱ्या गॅलरीचा रुळलेला वाटा ५० टक्के. तो आहे म्हणूनच गॅलरीनं जागा, उजेड, प्रसिद्धी, उद्घाटन, विमा आणि शो चालू असतानाचा सगळा खर्च उचलायचा असतो. भिंत भाड्यानं देऊन वर कमिशनही घेणं, याला हॉल चालवणं म्हणतात. चांगल्या फेअर अशा जागांना घेत नाहीत, आणि चोखंदळ संग्राहक त्या यादीकडे फिरकत नाहीत.

निर्मितीचा खर्च वाटणीच्या आधी वजा होणार की नंतर, हे लिहा. शिल्प १०० ला विकलं, ओतकामाला कलाकाराचे २० गेले. आधी वजा केले तर ८० चे निम्मे ४०, शिवाय त्याचे २० परत. कलाकाराकडे ६० येतात, पैकी कमाई ४०. लिहिलंच नसेल तर त्याला ५० मिळतात आणि त्यातले २० आधीच खर्च झालेले असतात. कमाई ३०. गॅलरीला ५०. हे कलाकाराच्या घरी जाऊन लक्षात येतं आणि दुसरा शो होत नाही. फ्रेमचंही तसंच: ज्यानं पैसे घातले त्याला विक्रीतून आधी परत, आणि न विकलेल्या फ्रेमा त्याच्याच.

बाकीची कलमं भराभर:

मालकी पूर्ण पैसे येईपर्यंत कलाकाराची. पैसे हप्त्यानं येणार असतील तर काम गॅलरीतच राहील.

गॅलरीला पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत कलाकाराला त्याचा हिस्सा, विक्रीच्या तपशिलासह. दीडदमडी यांनी दोन खात्यांचं सांगितलंय त्याला दुजोरा. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात कलाकारानं विक्रीला दिलेलं काम आणि त्यातून आलेले पैसे ही गॅलरीकडची विश्वस्त ठेव मानली जाते. तिथलीच सालँडर-ओ'रायली ही नावाजलेली गॅलरी २००७ साली बंद पडली. दुसऱ्यांनी ठेवायला दिलेली कामं परस्पर विकल्याबद्दल मालकाला २०१० साली तुरुंगवास झाला. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, पण करारात "विश्वस्त म्हणून" हे शब्द घालायला कुणाची आडकाठी नसते.

सूट: १० टक्क्यांपर्यंत गॅलरी न विचारता देऊ शकते, दोघांनी निम्मी सोसायची. त्याहून जास्त असेल तर कलाकाराला विचारून. संग्रहालयाला जास्त द्यावी लागते, तो अपवाद आधीच नोंदवा.

विमा: काम स्टुडिओच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे लागेपर्यंत. रक्कम विक्रीच्या किमतीची की कलाकाराच्या हिश्श्याची, हे स्पष्ट. नुकसान झाल्यावर यावर वाद हमखास होतो.

स्टुडिओतली विक्री: शो चालू असताना आणि शोमध्ये दाखवलेल्या कामांवर पूर्ण कमिशन. कलाकाराच्या जुन्या ओळखीच्या माणसांची यादी आधी मागा आणि त्यांना सवलतीचं कमिशन लावा. "सगळ्यावर ५०, कायमचं" असं पहिल्याच दिवशी मागाल तर चांगले कलाकार सही करणार नाहीत, आणि करतील ते लपवाछपवी करतील.

मुदत: पहिला करार एका शोपुरता. प्रतिनिधित्व नंतर, एक-दोन वर्षांचं, ९० दिवसांच्या नोटिशीनं कुणालाही संपवता येईल असं. संपल्यावर ३० दिवसांत कामं परत, वाहतूक गॅलरीची.

घेणाऱ्याचं नाव कलाकाराला सांगायचं की नाही, यावर मतं दोन आहेत. सांगावं. पुढे मोठ्या प्रदर्शनासाठी काम उसनं मागायचं तर कुठे आहे ते कलाकाराला ठाऊक हवं.

---

रंगाचा_डबा

आडवी_रेघ, बाकी सगळ्याशी सहमत, पण ५० टक्क्यांवर थोडं थांबा. पहिल्या वर्षी गॅलरीकडे संग्राहकांची यादी नाही, नाव नाही. उद्घाटनाला जी माणसं येतात ती बरीचशी कलाकारानंच बोलावलेली असतात, आणि पहिली दोन-तीन चित्रं तीच घेतात. अशा वेळी ४० घ्यावं, दोन शोनंतर ५० वर जावं. कलाकाराच्या बाजूनं हे जास्त रास्त वाटतं.

---

दीडदमडी

मुद्दा रास्त आहे, उपाय धोक्याचा. वरचंच गणित ४० टक्क्यांवर करा. सूट निम्मी-निम्मी सोसून गॅलरीच्या हाती ३५ येतात. १५६० भागिले ०.३५ म्हणजे ४४५७. शोमागे ५७८ च्या जागी ७४३. तेवढ्या विक्रीची ताकद पहिल्या वर्षी मुळीच नसते. आणि ४० वरून ५० वर जायची वेळ नेमकी किमती वाढवायच्या वेळेला येते, तेव्हा ती कलाकाराला शिक्षा वाटते.

त्यापेक्षा ५० ठेवा आणि कलाकारानं स्वतः आणलेल्या घेणाऱ्यांवर २० ते २५ घ्या. यादी आधी लेखी. वर आडवी_रेघ यांनी तेच सुचवलंय, आकडा फक्त घातला नव्हता.

---

शाईचा_डाग

किमतींबद्दल. चौरस इंचावर किंमत लावू नका. २४ × ३६ चं क्षेत्रफळ ८६४, ४८ × ७२ चं ३४५६. मोठं चित्र चौपट महाग होतं आणि अडकून पडतं. छोटी कामं इतकी स्वस्त होतात की फ्रेमचा खर्च निघत नाही. उंची अधिक रुंदी घ्या: ६० आणि १२०, म्हणजे दुप्पट. या बेरजेला कलाकाराच्या एका गुणकानं गुणा. गुणक कलाकारागणिक वेगळा: आजवरची खरी विक्री, शिक्षण-प्रदर्शनं, आणि तशाच टप्प्यावरच्या इतरांच्या किमती पाहून. कागदावरच्या कामाचा गुणक कॅनव्हासपेक्षा कमी. अगदी लहान कामांना एक किमान किंमत ठेवा.

स्टुडिओ, गॅलरी, वेबसाइट, फेअर: किंमत सगळीकडे एकच. स्टुडिओत निम्म्यात मिळतं हे एका संग्राहकाला कळलं की सगळ्यांना कळतं.

किंमत वाढवणं सोपं असतं, उतरवणं जवळपास अशक्य. आधीच्या घेणाऱ्यांना आपण फसलो असं वाटतं. म्हणून सुरुवात खालून करा. शोमधली बहुतेक कामं खरंच विकली गेली असतील तर पुढच्या शोला १० ते १५ टक्के वाढ पुरे. लिलावात एखादं काम चढ्या भावात गेलं म्हणून गॅलरीची किंमत त्यावर नेऊन ठेवू नका; पुढचा लिलाव पडला की गॅलरीलाही बरोबर घेऊन जातो.

तुमच्याकडे प्रिंटमेकर आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण वरच्या गणितातली भिंतीची मर्यादा प्रिंटला लागू नाही. एक फ्रेम भिंतीवर, बाकीच्या प्रती ड्रॉवरमध्ये. आवृत्तीचा आकडा, म्हणजे एकूण किती प्रती छापणार ते, छपाईच्या आधी जाहीर करायचा आणि नंतर वाढवायचा नाही. २० ची आवृत्ती असेल तर कलाकारानं स्वतःकडे ठेवायच्या प्रती साधारण दोन, म्हणजे दहा टक्के. आवृत्ती संपल्यावर प्लेट रद्द करून तिची शेवटची रेघोट्या मारलेली प्रत नोंदीत ठेवावी. किंमत टप्प्यानं चढवा: १ ते ५ एका भावात, ६ ते १० थोड्या वरच्या, असं. यादीत ते आधीच लिहिलेलं असावं, तोंडी सांगितलं की दबावाची विक्री वाटते.

पुनर्विक्रीचा हक्क, म्हणजे काम पुढे परत विकलं गेलं की कलाकाराला मिळणारा वाटा, कुठे लागू आहे ते बघून ठेवा. फ्रान्सनं तो १९२० साली आणला. युरोपियन युनियनमध्ये २००१ च्या निर्देशानुसार कलाकाराला पुनर्विक्रीच्या किमतीच्या पहिल्या ५०,००० युरोंवर ४ टक्के मिळतात, त्यापुढे टक्केवारी उतरत जाते आणि एकूण रक्कम १२,५०० युरोंच्या वर जात नाही. तुमची विक्री पहिल्या हातची असेल तोवर प्रश्न नाही. जुनं काम परत विकायला घ्याल तेव्हा लागेल.

---

कोरी_भिंत

सगळ्यांचे आभार. गणित करून बघितलं आणि आमच्या कलाकारांची सरासरी किंमत महिन्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यात निघाली. त्यामुळे ७०० फुटांचा विचार तूर्त थांबवून ४०० फुटांच्या दोन जागा बघतोय.

तीन गोष्टी अजून विचारतो. फेअरचं राहिलं. व्हिडिओ विकायचा म्हणजे नेमकं काय विकायचं? आणि पॅकिंगसाठी बबल रॅप पुरतं का?

---

आडवी_रेघ

फेअर: पहिल्या वर्षी नाही. बहुतेक फेअरना चालू जागा आणि मागच्या शोंची यादी लागते, त्यामुळे प्रश्न बराचसा आपोआप मिटतो. नंतर जाल तेव्हा नव्या गॅलऱ्यांसाठीचे विभाग किंवा खास तरुण गॅलऱ्यांच्या फेअर बघा. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये लिस्टे ही फेअर १९९६ पासून त्यासाठीच भरते. स्टॉलच्या भाड्यात सगळं आलं असं समजू नका. जास्तीची भिंत, जास्तीचे दिवे, वाहतूक, विमा, राहणं धरून एकूण खर्च भाड्याच्या दुप्पट धरा. एकाच कलाकाराचा स्टॉल लक्षात राहतो. सात जणांचं एकेक काम लावलेला नाही.

परदेशी फेअर असेल तर कामं एटीए कार्नेवर, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याच्या सीमाशुल्काच्या कागदावर, नेता येतात. वर्षभराच्या आत सगळं परत आलं तर आयात कर भरावा लागत नाही. तिथे विकलं गेलेलं काम मात्र त्यातून बाहेर काढून रीतसर आयात करावं लागतं, आणि तो कर घेणाऱ्यानं भरायचा की तुम्ही, हे बिलावर लिहिलेलं हवं.

---

शाईचा_डाग

व्हिडिओत विकतात ती आवृत्तीतली एक प्रत आणि एक कागद. आवृत्ती लहान, बहुधा ३ किंवा ५, अधिक कलाकाराच्या एक-दोन प्रती. घेणाऱ्याला द्यायचं ते असं: कमीत कमी कॉम्प्रेस केलेली मूळ फाइल, रोज लावायची वेगळी फाइल, सही केलेलं प्रमाणपत्र, आणि लावायच्या सूचनांचं पान. पडदा की प्रोजेक्शन, किमान आकार, आवाज, लूप, खोली किती अंधारी. पुढे फॉरमॅट जुना झाला तर फाइल बदलून द्यायची जबाबदारी कुणाची हेही त्यातच. प्रमाणपत्र हरवलं तर दुसरं निघत नाही, हे ठळक लिहा. नुसती फाइल म्हणजे मालकी नव्हे.

---

खिळा_हातोडा

बबल रॅप रंगाला थेट लागता कामा नये. उन्हात उभ्या गाडीत ॲक्रिलिकचा थर मऊ होतो आणि फुग्यांचे गोल ठसे उमटतात. ते निघत नाहीत. फुगे बाहेरच्या बाजूला करून गुंडाळलं तरी आत दुसरा थर लागतोच. पूर्ण वाळलेल्या तैलचित्राला ग्लासीन (गुळगुळीत, पातळ कागद) चालतो. ॲक्रिलिकला तोही गरमीत चिकटू शकतो, तिथे सिलिकॉनचा लेप असलेला कागद वापरा. सगळ्यात चांगलं म्हणजे काहीच टेकू न देणं: चित्राच्या पाठीला चार कोपऱ्यांत पट्ट्या लावून ते उथळ चौकटीत बसवायचं, पुठ्ठा त्या चौकटीवर.

काचेच्या फ्रेमवर कागदी टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारा, म्हणजे फुटली तर तुकडे चित्रावर सांडत नाहीत. टेप फ्रेमच्या लाकडाला लावू नका. काचेऐवजी लावतात त्या प्लास्टिकच्या ॲक्रिलिक शीटला टेप मारायचीच नाही, डाग राहतो. आणि पेस्टल किंवा कोळशाच्या कामाला ॲक्रिलिक शीट वापरू नका. तिच्यावरच्या स्थिर विजेनं भुकटी कागदावरून उचलली जाते.

स्टोअरमध्ये कामं उभी, फरशीपासून चार इंच वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. एका चित्राचा कोपरा दुसऱ्याच्या कॅनव्हासवर टेकला की दोन दिवसांत खळगा पडतो. दमट हवेत सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत ठेवा. रात्री एसी बंद, सकाळी चालू, असं रोज केलं तर आकडा दिवसातून दोनदा वर-खाली होतो आणि ते स्थिर ६० पेक्षाही वाईट. लांबून आलेली पेटी चोवीस तास खोलीत तशीच राहू द्या, मग उघडा.

उघडताना आणि बांधताना, दोन्ही वेळेला अवस्था-नोंद. समोरून एक फोटो, पाठीचा एक, चार कोपरे, आणि एका बाजूनं बॅटरी धरून तिरप्या उजेडात एक. तड्या आणि खळगे त्यातच दिसतात. तारीख, सही, नोंदणी क्रमांक. क्रमांक साधाच ठेवा: कलाकाराची आद्याक्षरं, साल, अनुक्रम. कामाच्या पाठीवर लिहू नका, चिठ्ठी दोऱ्यानं बांधा.

अवांतर: ४०० फुटांच्या जागेला छत ९ फुटांचं असेल तर ट्रॅकचा हिशेब बदलेल. ९ वजा ५ म्हणजे ४, गुणिले ०.५८, म्हणजे सव्वादोन फूट. आणि ७ फूट उंच कॅनव्हास करणारा कलाकार यादीत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. त्याच्या कामाचा मध्य ५८ वर आणायचा तर वरची कड ८ फूट ४ इंचांवर जाते, म्हणजे छताला आठच इंच उरतात. तिथे ट्रॅकच्या दिव्याचा उजेड वरच्या कडेवर साचतो आणि खालचा भाग अंधारात राहतो.